जावईबापूंच्या मांड्या

आमच्या घरात जावई नाही, कारण सासूबाईंना मुलगी नाही. एकच मुलगा, तो माझ्या वाट्याला आला. जावयाची हौस मग त्यांनी एका मेंढ्यावर भागवून घेतली.

तो जन्मला आणि त्याची आई गेली. सासूबाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं, शेगडीशेजारी खोक्यात ठेवलं आणि बाटलीने दूध पाजून वाढवलं. न बोलावता आला, सगळ्यांच्या आधी जेवायचा, आणि पोट भरलं का म्हणून घरातली बाई त्याला उठता-बसता विचारायची. मी एकदा वैतागून म्हटलं, हे जावईबापू आपल्या घरी कधी जाणार? तेच नाव पडलं. पुढे खोक्यातून शेडमध्ये गेला, तरी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला डोकं घासून हजेरी लावायचा आणि सासूबाई ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढून त्याच्या तोंडाशी धरायच्या. त्यांनी स्वतःच्या मुलाला कधी इतकं विचारलं नाही. सुनेचं तर सोडाच.

सासरे मेंढ्या पाळतात. मेंढ्या आपल्या मालकीच्या आहेत असं ते म्हणतात, मला नेहमी उलटंच वाटत आलं आहे. त्यांचा एकच धर्म, रक्त. चांगल्या बापाचं, चांगल्या आईचं रक्त असलं की जनावर आपोआप घडतं, असं ते चहाच्या दुकानापासून स्मशानापर्यंत कुठेही सांगतात. शेडच्या दारावर त्यांनी स्वतः ब्रश घेऊन पांढऱ्या रंगात लिहिलंय: मांस रक्तातून येतं, पोत्यातून नाही. अक्षरं भलीमोठी आहेत, कारण ती समोरच्या भोंग्याला रस्त्यापलीकडून वाचता यायला हवी होती.

भोंगा म्हणजे आमचा शेजारी. आवाजावरून नाव. त्याची शेड आमच्या समोर आणि त्याची जनावरं पोत्यातल्या खाद्यावर फुगलेली. वार्षिक प्रदर्शनात मांसाच्या गटात दर वर्षी त्याचाच मेंढा पहिला येतो आणि मग भोंगा महिनाभर रस्त्यातून आमच्याकडे बघून शीळ घालतो. सासरे म्हणायचे, पावडर खाऊ घालतो तो, पावडर. त्याला लाज नाही.

आता या पावडरीबद्दल सांगायला हवं, कारण माझी रोजीरोटी तिच्या जवळपासच आहे. मी पशुखाद्याच्या कारखान्यात मिसळणीच्या खात्यात आहे. मका, पेंड, कोंडा, क्षार मोठ्या पिंपात घुसळायचे आणि काही पोत्यांमध्ये वाढीची पावडर घालायची, हे माझं काम. पावडर करते काय, तर जनावराच्या शरीराला सांगते की चरबी साठवू नकोस, सगळं मांसाला लाव. मांसाचे तंतू नवे येत नाहीत, आहेत तेच जाड होतात. मांड्या आणि पाठ आधी भरतात. काळीज मात्र जनावराचं आहे तेवढंच राहतं आणि त्याला जास्त पळावं लागतं. म्हणून पायांना कंप सुटतो, ऊन सोसत नाही, धाप लागते. काही आठवड्यांनी शरीर सरावतं आणि असर ओसरतो. खायला घालणं थांबवलं की मांस जसं आलं तसं जातं. कापण्याआधी ठरलेले दिवस ती बंद ठेवायची असते, कारण नाहीतर ती खाणाऱ्याच्या पोटात जाते आणि मग त्याचं काळीज पळायला लागतं. प्रदर्शनात तर तिचा अंशही चालत नाही. निदान नियम तसा आहे.

तर या वर्षी सासऱ्यांनी जावईबापूंचं नाव प्रदर्शनात दिलं. सासूबाईंना न विचारता.

आमच्या प्रदर्शनाची एक रीत आहे. मांसाच्या गटात नाव दिलं म्हणजे जनावर मांसाच्या कंपनीला दिलं. पहिल्या आलेल्याच्या गळ्यात रेशमी पट्टा घालतात, फोटो काढतात, टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी तोच पट्टा काढून त्याला कंपनीच्या गाडीत चढवतात. खरी परीक्षा कातडीच्या आत असते, असं कंपनीचं म्हणणं. हरलेले त्याच्या मागच्या गाडीत. जिंकण्या-हरण्यातला फरक फक्त गाडीचा.

कंपनीचा माणूस येऊन जावईबापूंच्या कानात बिल्ला मारून गेला, तेव्हा सासूबाईंना कळलं. त्या बोलत असल्या की घाबरायचं कारण नसतं, दिवसभर बोलतच असतात. त्या दिवशी त्या जेवणं होईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, हा सोडून दुसरा कुठलाही न्या. सासरे म्हणाले, दुसऱ्या कुणाला असल्या मांड्या नाहीत. आणि तो मेंढा आहे, मुलगा नाही.

"मुलाला तरी कुठे आहेत असल्या मांड्या," सासूबाई म्हणाल्या आणि ताटं उचलून घेऊन गेल्या.

मुलगा तिथेच बसला होता. त्याने आपल्या मांड्यांकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी वाढून घेतली.

सासऱ्यांना नाव मागे घेता येत नव्हतं असं नाही. पण त्यांनी चहाच्या दुकानात भोंग्यासमोर सांगून टाकलं होतं की या खेपेला नुसत्या चाऱ्यावर आणि रक्तावर जिंकून दाखवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातले ते. बायकोचा जीव तुटत होता हे त्यांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना दिसत होतं, म्हणूनच ते तिच्याकडे बघत नव्हते.

थोड्या दिवसांनी ते मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडे ती पावडर असते ना. एका मित्राला विचारायचं होतं, किती घालतात."

मी म्हटलं, तुमच्या मित्राला सांगा, न घातलेली बरी. ते म्हणाले, अगदी बरोबर, मीही त्याला तेच सांगितलं. पण तरी किती? मी सांगितलं. कधी बंद करायची तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू एका घसरलेल्या माणसाची कीव करावी तशी.

त्याच आठवड्यात नवऱ्याने विचारलं. त्यालाही एक मित्र होता. नवऱ्याचे सगळे मित्र मला माहीत आहेत, त्यांच्यातल्या एकाकडेही साधी कोंबडी नाही. त्यालाही मी तेच सांगितलं. या घरातल्या पुरुषांना अचानक इतके मित्र कुठून मिळाले, याचं मला नवल वाटलं, पण मी बोलले नाही. चोरी करणाऱ्याला आपण एकटेच चोर आहोत असं वाटत असलं की तो फार समाधानी असतो. ते समाधान राहू द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं?

पावडर आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या खाद्याच्या दुकानात मिळते. दुकानदार सासऱ्यांनाही देत होता, नवऱ्यालाही देत होता, आणि आधीपासून भोंग्यालाही देत होता. तिघांचंही गुपित त्याने जिवापाड सांभाळलं. अशी नीतिमान माणसं हल्ली कमी. सासऱ्यांनी आपली पुडी संधिवाताच्या मलमाच्या डब्यात ठेवली. नवऱ्याने मोटरसायकलच्या हत्यारांच्या पेटीत. सासरे सकाळी घालायचे, नवरा संध्याकाळी. सासऱ्यांना वाटायचं, पोराला कळलं तर आपल्या रक्ताच्या तत्त्वाचं काय होईल. पोराला वाटायचं, बाबा आयुष्यभर हरतायत, एकदा गुपचूप जिंकवून टाकू. हेतू चांगला होता, हे मान्य करायला हवं. त्याचे हेतू नेहमीच चांगले असतात, म्हणून मी त्याला एकट्याला बाजारात पाठवत नाही.

आणि जावईबापू घडू लागले.

मेंढा पाहता पाहता मागून वेगळाच प्राणी दिसायला लागला. पुढून अजून आपला तोच लांब तोंडाचा, ओल्या डोळ्यांचा, दाराला डोकं घासणारा. मागे मात्र दोन मांड्या अशा, की कुणीतरी कोचाच्या दोन उशा लोकरीखाली कोंबल्या असाव्यात. पाठीवर हात ठेवला की बोटं आत जायची नाहीत. चालताना त्याला स्वतःच्या पायांची अडचण व्हायची, रुंद पावलं टाकत मिरवत यायचा. सासरे शेडच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे आणि म्हणायचे, हे बघा, रक्त. नवरा बाजूला उभा राहून गालातल्या गालात हसायचा, की बाबांना काय ठाऊक. सासरेही गालातल्या गालात हसायचे, की पोराला काय ठाऊक. मी दोघांना चहा द्यायचे.

पण त्याचे पाय थरथरायला लागले. पाणी किती प्यायचा त्याला सुमार नव्हता. दुपारच्या उन्हात भिंतीला टेकून उभा राहायचा आणि बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. सासूबाई त्याच्या छातीला हात लावून बसायच्या. एकदा मला बोलावून म्हणाल्या, बघ गं, किती धडधडतंय. मी हात लावला. हाताखाली एवढ्या घाईने काही चालू असलेलं मला आवडलं नाही. मी त्यांना काही सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र झोपताना म्हटलं, तुझ्या मित्राला सांग, मेंढा मरेल. तो म्हणाला, सांगतो. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनाही म्हटलं. तेही म्हणाले, सांगतो. दोघांनी निम्मी केली असावी, कारण थरथर जरा कमी झाली. मग बंद करायचे दिवस आले आणि दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, शहाण्यासारखी बंद केली.

त्या सुमारास सासूबाई आणि मी मटार सोलत बसलो होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, ती तुमची पावडर म्हणतात, ती कधी बंद करतात? मित्र-बित्र काही आणला नाही मध्ये. मी सांगितलं, कापण्याआधी काही दिवस.

"आणि नाही केली तर?"

तर मूत्र तपासतात, त्यात दिसते, मी म्हटलं. मग ते जनावर कापता येत नाही. अंगातून उतरेपर्यंत कानात लाल बिल्ला. त्यांनी एक शेंग उघडली, आतले दाणे अंगठ्याने वाटीत पाडले, आणि म्हणाल्या की यंदा मटार कोवळा आहे. मी म्हटलं, हो. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. नवरा आणि सासरा, दोघांना दुरून ओळखणारी मी, शेजारी बसलेल्या बाईला ओळखू शकले नाही.

जिच्या हातात रोज घरातलं फडकं असतं, तिच्यापासून मलमाचा डबा लपवायचा विचार पुरुषच करू जाणे. तिला दोन्ही पुड्या कधीच सापडल्या होत्या.

प्रदर्शनाच्या दिवशी उन्हाचा तडाखा होता. पत्र्याच्या मोठ्या मांडवात जनावरांच्या रांगा, भुसा, कर्ण्यातून नावं पुकारणारा माणूस, आणि एका टोकाला कंपनीच्या दोन गाड्या दारं उघडून तयार. सासऱ्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवऱ्याने जावईबापूंची लोकर विंचरली होती. सासूबाई येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, पण त्या सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. सकाळपासून मेंढा पुन्हा थरथरत होता. सासरे कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, उत्साह आहे. रक्त सळसळतंय.

परीक्षक बाई जनावराकडे बघत नाहीत, हाताने वाचतात. डोळे मिटून पाठीवर तळवा ठेवायचा, बोटं कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबायची, मग मांडी मागून दोन हातांत धरायची. भोंग्याच्या मेंढ्यापाशी त्या जरा वेळ थांबल्या. जावईबापूंपाशी आल्या, मांडी धरली आणि डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा धरली. मग सहायकाला बोलावून त्यालाही धरायला लावली.

पहिला नंबर. गळ्यात पट्टा. सासऱ्यांना कर्णा दिला, ही प्रदर्शनवाल्यांची चूक. ते रक्तावर बोलले. आजोबांच्या काळच्या मेंढ्यापासून सुरुवात केली. पोत्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना त्यांनी नाव न घेता भोंग्याकडे बोट दाखवून सुनावलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा इतका लांब आणि भावपूर्ण प्रयोग पहिल्यांदाच ऐकला. सासूबाई तेवढा वेळ कंपनीच्या गाडीकडे बघत होत्या.

भाषण संपल्यावर तपासणी. पहिल्या आलेल्याचं मूत्र घेतल्याशिवाय त्याला गाडीत चढवत नाहीत. कंपनीचा डॉक्टर सर्दी झालेला, उंच, आणि आयुष्याला कंटाळलेला. त्याने काठीला बांधलेला पेला जावईबापूंच्या पोटाखाली धरला आणि वाट बघायला लागला. जावईबापू विचारात पडले.

मेंढ्याला जबरदस्तीने करायला लावता येत नाही. आम्ही सगळे गोल करून उभे राहिलो आणि त्याच्या पोटाखाली बघत राहिलो. रेशमी पट्टा, इस्त्रीचा शर्ट, जाहीर भाषण, आणि आता सगळ्यांचं भवितव्य एका धारेवर. नवऱ्याने शीळ घातली, पण अगदी मनापासून नाही. सासरे म्हणाले, राहू दे डॉक्टर, सवय नाही त्याला लोकांसमोर. दोघेही निश्चिंत असायला हवे होते, वेळेवर बंद केली होती. पण चोराच्या मनात चांदणं, आणि दोघांच्या मनात तर पौर्णिमा होती.

सासूबाईंनी मात्र कुठूनतरी बादली आणि पाण्याचा मग मिळवला. त्या मेंढ्याच्या कानाशी उभ्या राहून मगातून बादलीत पाणी ओतायला लागल्या. उंचावरून, बारीक धार. मग पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचं. लहानपणी त्याला असंच शिकवलं होतं, स्वयंपाकघर खराब होऊ नये म्हणून. त्याने कान हलवले, मागचे दोन राक्षसी पाय फाकवले आणि मनसोक्त केलं.

डॉक्टरने तपासणीची पट्टी पेल्यात बुडवली. थोडा वेळ गेला. मग तो पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा पट्टीकडे बघायला लागला, आणि दुसरी पट्टी काढली. ती बुडवून तो म्हणाला की याच्या अंगात पावडर आहे आणि भरपूर आहे. याला खायला कोण घालतं?

"मी," सासरे म्हणाले.

"मी," नवरा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, तू? नवरा म्हणाला, तुम्ही? आजूबाजूला जमलेले लोक अदबीने अजून जवळ आले. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. पण मी तर केव्हाच बंद केली होती, ते म्हणाले. मीही, नवरा म्हणाला. मग सासरे बायकोकडे वळले, शेवटचा आधार असावा तसे. म्हणाले, तू तरी सांग डॉक्टरांना, तू काही दिलेलं नाहीस.

सासूबाईंनी हातातला मग बादलीत ठेवला.

"आज सकाळी दिली," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्यातली. मूठभर."

डॉक्टरची सर्दी पळाली. मूठभर? त्याने पुन्हा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जावईबापूंच्या छातीला नळी लावली. त्याच वेळी मेंढ्याचे पुढचे गुडघे वाकले आणि तो, पट्टा आणि मांड्या सगळ्यासकट, भुशात बसला. मग आडवा झाला. जीभ बाहेर आली.

तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात ते हे. पण त्या वेळी मला म्हण सुचली नाही. मला सासूबाई दिसत होत्या. त्या भुशात बसून त्याचं डोकं मांडीवर घेत होत्या आणि डॉक्टरला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या की मला त्याला वाचवायचं होतं. कापता येऊ नये एवढंच करायचं होतं. मला माहीत नव्हतं किती द्यायची. मी कुणाला विचारलं नाही, विचारलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना. मला सासूबाईंचा भयंकर राग आला. आणि माझाही आला, कारण किती द्यायची हे मला माहीत होतं आणि त्यांनी फक्त कधी बंद करतात एवढंच विचारलं होतं.

डॉक्टर ओरडला, पाणी. इस्त्रीच्या शर्टातले सासरे बादली घेऊन धावले. नवऱ्याने पट्टा ओरबाडून काढला, आम्ही त्याला ओढत सावलीत नेलं. मांड्यांमुळे तो हलता हलेना. डॉक्टरने मानेत सुई टोचली, सासऱ्यांनी डोक्यावर, मानेवर, पोटावर पाणी ओतलं आणि भोंगा, होय, भोंगाच, आपली टोपी काढून वारा घालत राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बरगड्यांची घाई हळूहळू कमी झाली. जावईबापूंनी डोळा उघडला, समोर सासूबाईंचं ॲप्रन दिसलं, आणि त्यांनी त्याच्या खिशात तोंड घातलं.

सासूबाई मोठ्याने रडल्या. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. पट्टा भोंग्याच्या मेंढ्याच्या गळ्यात गेला, मग त्याचीही तपासणी झाली, या खेपेला डॉक्टर जागा होता, आणि त्याच्याही गळ्यातून पट्टा उतरला. शेवटी तिसऱ्या नंबरच्या कुणा गरीब मेंढ्याला पट्टा आणि गाडी दोन्ही मिळाली. सासऱ्यांना प्रदर्शनातून कायमचं काढलं. जावईबापूंच्या कानात लाल बिल्ला लागला. डॉक्टरने समजावून सांगितलं की मेंढा अजून कंपनीचाच आहे. अंगातून पावडर उतरली की पुन्हा तपासायला येईन, स्वच्छ निघाला तर घेऊन जाईन. पुन्हा दोषी निघाला तर कंपनी हक्क सोडते, मग तुम्ही त्याचं काय करायचं ते करा. एवढं सांगून तो शिंकला.

सासऱ्यांनी शेडच्या दारावरची अक्षरं पुसायला रंग आणून ठेवला, पण पुसली नाहीत. चहाच्या दुकानात जाणं बंद केलं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं नवऱ्याने त्यांना समजावलं, पण त्यांना दात दिसत होतेच. सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या आणि ते सासूबाईंशी. मलमाचा डबा मात्र कुणी फेकला नाही.

जावईबापूंचं मांस जसं आलं तसं गेलं. आठवड्या-आठवड्याला मांड्यांच्या उशा निघत गेल्या. पाठीवर पुन्हा बोटं रुतायला लागली, पोट सुटलं, पाय स्थिर झाले. छातीला हात लावला तर आतलं सगळं सावकाश, आळशी चालू होतं. आता तो कुठल्याही गटात बसणारा नव्हता. एक सामान्य, जरा ढेरपोट्या मेंढा. सासूबाई त्याच्याकडे बघून खूश व्हायच्या आणि लगेच गप्प व्हायच्या, कारण सुधारणं म्हणजे स्वच्छ होणं, आणि स्वच्छ होणं म्हणजे गाडी. त्यांनी पुन्हा पावडरीला हात लावला नसता. भुशात पडलेला तो त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

उद्या येतो असा डॉक्टरचा निरोप आला, त्या दिवशी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाई शेगडीपाशी पाठमोऱ्या होत्या. सासरे माझ्याकडे बघत होते, पण आवाज सगळ्या खोलीसाठी होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "एका मित्राला विचारायचं होतं. किती दिली तर तपासात दिसते, पण काळजाला काही होत नाही?"

सासूबाईंचा पळा हातातच राहिला.

मी म्हटलं, तुमच्या मित्राला सांगा, दोन बोटांच्या चिमटीत राहील त्याहून कमी. सकाळी, भरपूर पाण्याबरोबर. आणि दिवसभर सावलीत ठेवा. त्यांनी मान हलवली. मग बायकोच्या जवळ गेले, तिचा हात धरून उलटा केला, मलमाचा डबा उघडला आणि तिच्या तळव्यावर ती चिमूट ठेवली. म्हणाले, तूच दे, माझ्या हातून तो घेणार नाही. सासूबाईंनी हात लगेच काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. सासूबाईंनी बादलीत धार धरली. जावईबापूंना आता सवय झाली होती, लगेच केलं. डॉक्टरने पट्टी बुडवली, उजेडात धरली, आणि ढेरपोट्या मेंढ्याकडे पाहिलं. मांड्या गेलेल्या, पाठ मऊ, आणि पट्टीवर मात्र खूण. त्याने सासऱ्यांना विचारलं, हे कसं काय?

सासरे शेडच्या दाराला, त्यांच्याच पांढऱ्या अक्षरांना टेकून उभे होते. पलीकडे भोंगा रस्त्यात थांबून ऐकत होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि नेहमी म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले,

"काय करणार डॉक्टर, रक्तातच आहे त्याच्या."